मार्लिसबद्दल दीडशे शब्द

हॅल्वर, नॉर्थ डकोटा
३ एप्रिल १९७६

प्रिय ताई,

तुझ्या अंगणात लिंबं लागलीत हे वाचून मी उठून खिडकीबाहेर बघितलं. आमच्याकडे गोठ्यांच्या सावलीत बर्फ अजून तसाच आहे, फक्त काळा पडलाय. तू ॲरिझोनाला गेलीस ते बरंच केलंस, असं मी वर्षातून एकदा म्हणते. ते आज म्हटलं.

यंदा शाळेतून अकरा मुलं बाहेर पडतायत. मिल्टनने नेहमीसारखं बजावलंय. साप्ताहिक त्याचं, छापखाना त्याचा, म्हणून हुकूमही त्याचा: प्रत्येकावर दीडशे शब्द, एक फोटो, आणि शेवटी ‘पुढे काय करणार’. समारंभाच्या आठवड्यात अंक निघायला हवा. मी म्हटलं, “मिल्टन, तेवीस वर्षं लिहितेय, आता तरी सांगू नकोस.” तो म्हणाला, “तेवीस वर्षं दोनशे लिहितेयस, म्हणून सांगतो.”

तेव्हा माझी घरोघरची कॉफी सुरू झाली. कार्स्टन मो याच्यापासून सुरुवात केली. हा पोरगा तीन हंगाम कुस्ती खेळला आणि एकही जिंकला नाही. त्याची आई मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, “ते तेवढं नको ग लिहूस.” कार्स्टन मागून म्हणाला, “लिहा. पण दुसऱ्या दिवशी सरावाला मी सगळ्यांच्या आधी असायचो, तेही लिहा.” लिहिलं. बोनिटा डाल चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. पाद्रीबुवांचं प्रवचन लांबलं की ती एक सूर हळूच दाबून ठेवते, आणि ते बिचारे ‘आमेन’वर येतात. हे छापलं तर तिची नोकरी जाईल, म्हणून फक्त तुला सांगतेय.

काल मार्लिस हॉवडाकडे गेले. इलेनची मुलगी. इलेन तुझ्या गृहविज्ञानाच्या वर्गात होती ना? तिला जाऊन तीन वर्षं झाली. मार्लिस अगदी तिच्यासारखी, तशीच लांब मान, तसंच बोलताना हात पुसणं. स्वयंपाकघर इतकं लख्ख की मी बूट काढून गेले. धाकटे दोघे, ड्युएन नऊ वर्षांचा आणि रॉली सहा, भांग पाडून टेबलाशी बसले होते, जणू मीच काही मोठी पाहुणी. बाप भेटला नाही. पलीकडच्या टोकाला नांगरायला गेलाय म्हणाली.

तिला नर्सिंगच्या शाळेत जागा मिळालीय, फार्गोला, असं तिच्या बाईंनी मला सांगितलं होतं. पण ती म्हणते, “पुढे काय करणार ते माझ्या लेखात घालू नका. मी कुठे जात नाहीये.” का, म्हटलं, तर हसली आणि कॉफी ओतली. ताई, माझ्या मते यात कोणी मुलगा आहे. अठराव्या वर्षी जी मुलगी एवढ्या शांतपणे घरी राहायचं म्हणते, ती प्रेमातच असते.

तुझी
सिग्ने

•

टूसॉन
१० एप्रिल

प्रिय सिग्ने,

प्रेमात पडलेली मुलगी शांत असते हे तुला कोणी सांगितलं? मी पंचवीस वर्षं मुलींना शिवण शिकवली. प्रेमात पडलेली मुलगी बाही उलटी शिवते.

इलेन मला चांगली आठवते. वर्गात सगळ्यांचं झालं तरी हिचं चाललेलंच, कारण शेजारणीचं उसवून देत बसायची. लेकीचं स्वयंपाकघर लख्ख असणारच. पण मला एक सांग. तू लिहितेस गोठ्यामागे बर्फ आहे, आणि व्हर्नन हॉवडा शेताच्या टोकाला नांगरतोय. एप्रिलच्या दोन तारखेला? हॅल्वरमध्ये? त्या वेळी तिथली जमीन कुदळीला दाद देत नाही. मला इथे राहून नऊ वर्षं झाली तरी एवढं आठवतं, आणि तू तिथे राहून मान डोलावून आलीस.

कदाचित तिने सहज म्हटलं असेल. पण परत जा. फोटोचं निमित्त कर.

मी बरी आहे. फोन करू नकोस. मला त्यात निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं आवडत नाही.

आर्डिस

•

हॅल्वर
१९ एप्रिल

प्रिय ताई,

जमिनीचं माझ्या डोक्यात आलं नाही हे खरं. मी लेखाच्या पहिल्या ओळीच्या मागे होते.

काल रविवारी चर्चहून तशीच त्यांच्याकडे गेले. कॅमेरा घेऊन. मार्लिसने पायरीवरच गाठलं. म्हटलं, घरच्या सगळ्यांचा एक फोटो काढू या, बाबांनाही बोलाव. म्हणाली, “बाबा मायनॉटला गेलेत. ट्रॅक्टरचा भाग आणायला.” ड्युएन मागून लगेच म्हणाला, “हो, मायनॉटला.” मी त्याला विचारलंच नव्हतं. रॉली माझ्याकडे बघून हसायला लागला, तर ड्युएनने त्याच्या पायावर पाय दिला.

मग तिने मला कालचा केक दिला. बोलता बोलता मी दाराशी पुरुषी बूट बघितले. त्यांच्यावर धूळ होती, ताई. तिचं घर असं की फडताळावर बोट फिरवलं तरी काही लागायचं नाही, आणि बुटांवर मात्र धूळ. मला वाटतं व्हर्नन पितोय. इलेन गेल्यापासून त्याचं लक्ष लागत नव्हतंच. आत कुठेतरी पडलेला असेल आणि पोर लाज झाकतेय. असं असेल तर मी कोण त्यात नाक खुपसणारी?

आणि हो, मुलगा कोण तेही कळलं. मी निघताना कार्स्टनची गाडी आत वळली. मला बघून तो असा दचकला की खड्ड्यात जाता जाता वाचला. मी मनात म्हटलं, बरं आहे, एका तरी ठिकाणी जिंकला.

फोटो मार्लिसचा एकटीचाच काढला. पायरीवर. मिल्टनने बघितला आणि म्हणाला, “ही अठराची आहे की अठ्ठावीसची?” प्रकाश वाईट होता, असं मी म्हटलं.

तुझी
सिग्ने

•

टूसॉन
२६ एप्रिल

सिग्ने,

रविवारी मायनॉटला ट्रॅक्टरचा भाग कोण विकतं? आपल्याकडे रविवारी टाचणी मिळत नाही.

तू दोनदा त्या घरी गेलीस आणि दोन्हीदा त्या माणसाला बघितलं नाहीस. तो आत पडलेला असता तर मुलांनी आत कुठेतरी बघितलं असतं, आवाज हळू ठेवला असता. तू लिहितेस तसा लहानगा हसत होता. पिणाऱ्या बापाच्या घरात मूल असं हसत नाही. तो आत नाहीये, सिग्ने. तो तिथे नाहीच. बुटांवर धूळ किती होती, ते आता तूच आठव.

शेरीफकडे जाऊ नकोस. मिल्टनला सांगू नकोस. तिच्याकडे जा, आणि पेन नेऊ नकोस. भांडी असतील तर घास. हात कामात असले की माणसं बोलतात.

आर्डिस

•

हॅल्वर
३ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी गेले. पेन गाडीतच ठेवलं.

मुलं बाहेर कोंबड्यांना दाणे घालत होती. मार्लिस शर्टांना इस्त्री करत होती. मी बाही वर करून सिंकशी उभी राहिले. ती “अहो, राहू द्या” म्हणाली, मी ऐकलं नाही. पाचसहा बशा झाल्यावर पाठ न वळवता विचारलं, “मार्लिस, बाबा कुठेयत?”

“बियाणं आणायला...”

“मार्लिस.”

तिने इस्त्री उभी करून ठेवली. मग म्हणाली, “ऑक्टोबरमध्ये गेले. वायोमिंगला. तेलाच्या विहिरींवर काम मिळतं म्हणाले. नाताळपर्यंत येतो म्हणाले.”

“आणि?”

“नाताळला रॉलीला कार्ड आलं. नंतर काही नाही.”

सगळा हिवाळा, ताई. जानेवारीच्या त्या वादळात, जेव्हा मी माझ्या घरात दोन शेगड्या लावून कुरकुरत होते, तेव्हा तिने तिन्ही गाद्या स्वयंपाकघरात ओढून आणल्या आणि पोरांना सांगितलं, आपण तंबूत राहायला आलोय. ड्युएनला खरं माहीत होतं, रॉलीला नव्हतं. शनिवार-रविवार ती कॅफेत वाढायला जायची, तेव्हा ड्युएन धाकट्याला सांभाळायचा. शाळेतल्या प्रगतिपुस्तकांवर बापाची सही तीच करायची. कोणी विचारलं तर काय सांगायचं तेही ठरलेलं: पहिल्यांदा शेत, दुसऱ्यांदा मायनॉट. “रॉली खोटं बोलताना हसतो,” ती म्हणाली, “म्हणून त्याला गप्प राहायला सांगितलंय.”

मी विचारलं, कोणालाच का सांगितलं नाहीस?

“स्टेनरूडच्या मुलांना काउंटीच्या सरकारी माणसांनी नेऊन परक्या घरांत ठेवलं ना,” ती म्हणाली. “मुलगा एका गावात, मुलगी दुसऱ्या. ती आता भेटली तर एकमेकांना ओळखत नाहीत. आमच्यात ते होऊ द्यायचं नव्हतं.”

कार्स्टनबद्दल मी चुकले. त्याने डिसेंबरात एकदा तिला एकटीला फावड्याने रस्ता मोकळा करताना बघितलं. काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून बापाचा ट्रॅक्टर घेऊन यायचा, बर्फ काढायचा आणि जायचा. मी जरा सुचवून बघितलं, तर ती चिडली नाही, हसली. “नाही हो, सिग्नेबाई. तो कॉफीलासुद्धा थांबत नाही.”

पुढचं काय, म्हटलं. रॉली अठराचा होईपर्यंत मी इथेच, म्हणाली. तो सहाचा आहे. तिने ते असं सांगितलं जसं आपण सांगतो की उद्या अंडी आणायचीत. फार्गोला नकाराचं पत्रही लिहून ठेवलंय, फक्त टाकलं नाहीये.

मी तिला वचन दिलं, समारंभ होईपर्यंत कोणाला बोलणार नाही. तेवढं तिला दाखला हातात घेऊ दे. निघताना तिने मला कोंबडीची ताजी अंडी दिली. मी रस्त्याच्या वळणावर गाडी थांबवली आणि रडले, आणि एक अंडं फोडलं.

तुझी
सिग्ने

•

टूसॉन
९ मे

सिग्ने,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा राग आला, म्हणून लगेच लिहितेय.

वचन दिलंस. तू एक्कावन्न वर्षांची बाई, ती काल अठराची झालेली. तिच्या डोक्यावर पाटी होती, तू काय केलंस, तर पाटीवर झाकण घातलंस. तिचं ओझं तेवढंच राहिलं. तुला मात्र चांगलं वाटलं.

घाबरू नकोस, पण हे असं समारंभापर्यंत टिकत नसतं. न्यायाधीश लुंडकडे जा. माणूस हळू आहे, पण ऐकून घेतो. एकटी मात्र जाऊ नकोस. ‘मुलांना नेऊ नका’ असं म्हणणारी माणसं गावात पन्नास मिळतील. ‘माझ्याकडे द्या, दोघांना एकत्र द्या’ असं म्हणणारं एक माणूस शोध आणि त्याला घेऊन जा. ते सापडेपर्यंत रोज त्या घरी जा. लेख नंतर.

मला जमलं असतं तर मीच आले असते. माझे गुडघे बस चढत नाहीत.

आर्डिस

•

हॅल्वर
२० मे

प्रिय ताई,

तुझं पत्र यायला आणि मी ठरवायला उशीर झाला. आम्ही सगळे ठीक आहोत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

रविवारी सकाळी मी चर्चला निघाले होते. फोन वाजला. “सिग्नेबाई, रॉलीच्या पोटात दुखतंय. उजव्या बाजूला. आणि तो रडत नाहीये.” ते ‘रडत नाहीये’ ऐकून मी टोपी तिथेच टाकली. पोहोचले तेव्हा ड्युएनने त्याला पांघरुणात गुंडाळून दारापर्यंत आणलं होतं. मार्लिस मागच्या सीटवर त्याला मांडीवर घेऊन बसली. जिल्ह्याच्या गावापर्यंत चाळीस मैल मी कशी गाडी हाकली ते विचारू नकोस.

इस्पितळात नर्सने विचारलं, “वडील कुठेयत? ऑपरेशनसाठी सही लागेल.”

मार्लिस म्हणाली, “बाबा शेताच्या...” आणि थांबली. मी बघत होते. मग ती अगदी सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “बाबा नाहीत. ऑक्टोबरपासून नाहीत. मीच आहे.”

डॉक्टर तरुण होता. “सहीचं नंतर बघू,” म्हणाला आणि पोराला आत घेऊन गेला. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. वेळेवर निघालं. दुपारी रॉलीने डोळे उघडले आणि पहिलं काय विचारलं असेल? “मी हसलो का?” मार्लिस म्हणाली, “नाही रे राजा. आता हसलास तरी चालेल.”

सोमवारी काउंटीच्या बाई आल्या, मिसेस ऑने. मी त्यांच्याविषयी काय काय कल्पना करून ठेवल्या होत्या. बाई चिखलाचे बूट दाराबाहेर काढून आल्या, कोंबड्या बघितल्या, ड्युएनची वही बघितली आणि म्हणाल्या, “मला हे कळवावं लागेल, पण मी जे बघितलं तेच कळवीन.” शेरीफने दोन दिवसांत व्हर्ननचा पत्ता काढला. वायोमिंगमध्येच आहे. काम केव्हाच गेलं, पीत बसलाय, आणि तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून परत येत नाही. न्यायाधीशांशी फोनवर बोलला. “पोरं माझी चांगली आहेत,” म्हणाला. “त्यांना तोडू नका. म्हणाल तिथे सही करतो.” मार्लिसला हे सांगितलं तेव्हा ती नुसती म्हणाली, “म्हणजे जिवंत आहेत.” आणि खुर्चीवर बसली.

काल लुंडसाहेबांच्या खोलीत सगळे जमलो. मला वाटलं होतं मी आणि मार्लिस एवढेच असू. तर दारात शाळेच्या बसचा ड्रायव्हर पामर. म्हणाला, “ट्रक सगळा हिवाळा ती पोरगीच चालवतेय, ते मी बघत होतो. दोन्ही मुलांना न्यायला बस दाराशी नेत होतो, थांब्यावर नाही.” मग शाळेच्या स्वयंपाकघरातली हेझल. ती रोज जास्तीचे बन करायची आणि उरले म्हणून ड्युएनच्या दप्तरात कोंबायची. कार्स्टन होता, त्याची आई होती, जिला त्याने एक अक्षर सांगितलं नव्हतं. ताई, प्रत्येकाला वाटत होतं की आपल्यालाच ठाऊक आहे, आणि बोललो तर पोरं जातील. सगळा गाव त्या घराभोवती चवड्यांवर चालत होता आणि एकमेकांना दिसत नव्हता.

लुंडसाहेब मार्लिसला म्हणाले, “तू सज्ञान आहेस. मी तुलाच पालक नेमू शकतो. हे सात महिने तू करून दाखवलंस. पण तुला ते हवंय की नको ते सांग. तुला काय हवंय?”

ती हात पुसत राहिली, हाताला काही लागलेलं नसताना. साहेब थांबले. आपण म्हणतो ते हळू आहेत, पण काल तेच कामाला आलं. शेवटी ती इतक्या हळू म्हणाली की त्यांना पुढे वाकावं लागलं. “मला शिकायचंय.” आणि असं रडायला लागली, जणू चोरी कबूल केली.

“मग ते लिहून घेऊ,” साहेब म्हणाले. “आता मुलांचं.” कार्स्टनच्या आईने ड्युएनला नेते म्हटलं. पामरने रॉलीला. “म्हणजे दोन घरं,” साहेब म्हणाले. तेव्हा ड्युएन उठला आणि म्हणाला, “मी रॉलीच्या खोलीत जमिनीवर झोपेन. मला जागा लागत नाही.”

मग एक बाई उभ्या राहिल्या. त्यांनी दोघांना एकत्र ठेवायचं कबूल केलं, मुलांच्याच घरात जाऊन राहायचं. साहेबांनी मान्य केलं. नाव मागाहून कळवते. बाई मध्यमवयीन आहेत. अनुभव बेताचा.

घाईत आहे. अंक पुढच्या शुक्रवारी.

सिग्ने

•

टूसॉन
२५ मे

सिग्ने,

अनुभव बेताचा. बाई, तू अंडं उकडतेस तेव्हा पातेलं जळतं.

मी हसले, मग बसून राहिले, मग शेजारणीला बोलावून तिला सगळं वाचून दाखवलं. ती विचारते, “म्हणजे कोण बाई?” तिलाही सांगून टाकलं.

तुला भीती वाटत असेल, म्हणून लिहिते. तू सगळं आयुष्य लोकांच्या मुलांच्या पायरीवर कॉफी पिऊन परत आलीस, आणि मला वाटायचं हिला आत जायचंच नाही. मी तसं आईलाही म्हटलं होतं. तुझ्या मागे म्हटलं होतं, आता समोर मागे घेते. न्यायाधीशांनी विचारलं असतं, बाईंना काय येतं, तर मी सांगितलं असतं की हिला माणसाकडे बघता येतं. स्वयंपाक शिकता येतो. तेही पन्नाशीनंतर जरा अवघड आहे, पण मी शिकवेन.

सोबत टूना आणि नूडल्सचं लिहून पाठवतेय. ओव्हन आधी तापवायचा असतो. हे मुद्दाम लिहितेय.

व्हर्ननला शिव्या घालू नकोस, निदान मुलांसमोर. मुलांचा तो बापच राहणार.

तुझी ताई

•

हॉवडांचं शेत, हॅल्वर
२९ मे, शनिवार

प्रिय ताई,

वरचा पत्ता बघितलास ना. पत्रं आता इकडे पाठव.

माझी भीती तू न सांगता ओळखलीस. साहेबांच्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला तेव्हा मी कोण उठलं ते बघायला मान वळवली, आणि उठलेली मीच होते. दुसऱ्या दिवशी दोन पेट्या घेऊन इकडे आले. तुझं टूनाचं केलं. ओव्हन आधी तापवला. ड्युएन म्हणाला, “वाईट नाहीये.” रॉलीने विचारलं, “यात मासा कुठल्या बाजूला आहे?” त्याचे टाके काढले, आणि तो त्यांची खूण प्रत्येकाला दाखवतो, पाद्रीबुवांनासुद्धा, शर्ट वर करून.

काल समारंभ झाला. व्यायामशाळेत खुर्च्या मांडल्या होत्या, बोनिटाने पियानो वाजवला. अकरा जण पांढऱ्या झग्यांत आत आले. कार्स्टनचं नाव पुकारलं तेव्हा कुस्तीच्या पोरांनी त्याला उचललं. मार्लिसचं नाव आलं तेव्हा कोणी ओरडलं नाही. पामर उभा राहिला, मग हेझल, मग एकेक करून सगळी व्यायामशाळा. नुसतेच उभे होते. ती दाखला घेऊन खाली आली, तिला वाटलं काहीतरी चुकलंय. तिने मागे वळून बघितलं.

तिचा लेख पाठवतेय. गावाला सगळं ठाऊक झालं होतं, म्हणून काय लिहू ते कळेना. मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “आमच्या घरातलं नको. बाकी जे खरं आहे ते.” हे बघ:

‘मार्लिस इलेन हॉवडा. हिच्या हातचा केक खायचा असेल तर आगाऊ सांगू नका, नाहीतर ती दोन करते. गणितात पहिली, गाण्यात शेवटची, आणि दोन्हीबद्दल तिला सारखीच मजा वाटते. कॅफेत कोणाला कॉफी कशी लागते ते ती विसरत नाही, आणि कोणाला आज बोलायचं नाहीये तेही तिला कपातूनच कळतं. तिला ट्रक, शिलाई मशीन आणि ताप आलेलं मूल, तिन्ही सांभाळता येतात. गेल्या हिवाळ्यात ती कुठल्याच खेळात नव्हती, कुठल्याच नाटकात नव्हती, आणि तिच्या वर्गातल्या मुली म्हणतात की तिची जागा रिकामी वाटायची. नाचायला शिकायचं राहून गेलंय, ते फार्गोला शिकणार आहे. पुढे काय करणार: सप्टेंबरात नर्सिंगची शाळा. सुट्टीत घरी.’

मिल्टनने शब्द मोजले नाहीत. पहिल्यांदाच.

आता आज सकाळचं सांगते आणि संपवते, दुधाचं बघायचंय.

मी सहाला उठले. मार्लिस रोज माझ्या आधी उठलेली असते, चूल पेटलेली, डबे भरलेले. आज स्वयंपाकघर गार. वर जाऊन दार ढकललं, तर ती झोपली होती. पालथी, एक हात पलंगाबाहेर, कालचे मोजे तसेच पायात. मी दार लावून घेतलं. पोरांना म्हटलं, आवाज केलात तर बघा. ड्युएनने कोंबड्यांची बादली हातात न घेता छातीशी धरून नेली, कडी वाजू नये म्हणून. आठ वाजले, नऊ वाजले. कार्स्टन आला, मी त्याला अंगणातूनच खूण केली, तो ट्रॅक्टर बंद करून चालत आला, आणि पहिल्यांदाच कॉफीला बसला. आम्ही चौघांनी त्या टेबलाशी कुजबुजत पॅनकेक खाल्ले. जळले होते. कोणी बोललं नाही, कदाचित आवाज नको म्हणून.

अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली. ती धावतच खाली आली, केस विस्कटलेले, चेहऱ्यावर उशीच्या घड्या. घड्याळ बघून पांढरी पडली.

“कोंबड्या?”

“घातलं,” ड्युएन म्हणाला.

“रॉलीचं औषध?”

“घेतलं,” रॉली म्हणाला. “ही बघ जीभ.”

“दूध? सरपण? आज शनिवार, मला कॅफेत...”

“हेझलने तुझी पाळी घेतली,” मी म्हटलं.

ती शेवटच्या पायरीवर उभी राहिली. एकेकाकडे बघत होती, अजून काय राहिलं ते आठवायचा प्रयत्न करत होती. काही आठवेना. तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरताना मी बघितलं, ताई, डोळ्यांनी बघितलं.

“मग मी काय करू?” तिने विचारलं.

रॉली म्हणाला, “काही नको करू.”

ती जरा विचारात पडली. मग वळली, जिना चढून वर गेली, आणि परत झोपली.

तुझी
सिग्ने